कुरव, सुरय आणि पोशेऱ्याची वाट

पोशेऱ्यातून समुद्र दिसत नाही. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना हे गाव लागतं. आजूबाजूला नागली-वरईचे उतार, भाताची खाचरं, सागाचं रान. किनारा सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटर पश्चिमेला. तरी या गावाच्या जेवणात समुद्र असतोच. आवणीच्या दिवसांत रान तुडुंब असतं, हातात वेळ नसतो, तेव्हा नागलीच्या भाकरीबरोबर तव्यावर परतलेली सुकट किंवा निखाऱ्यावर भाजलेला बोंबील असला की जेवण होतं. सातपाटी, डहाणू, अर्नाळ्याकडे वलांडीवर वाळलेला हा मासा आठवडी बाजारांतून घाट चढतो आणि उन्हाळ्याच्या अखेरीला घराघरांत पावसाळ्याची बेगमी म्हणून जाऊन बसतो.

मासा वर चढतो आणि माणसं खाली उतरतात. दिवाळी झाली, भात झोडून झालं की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं कामासाठी निघतात. वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्या, खाडीकाठची रेती, बांधकामं, बागायती. शिमग्याला काही जण परततात, बाकीचे पाऊस तोंडावर आला की येतात. पोराबाळांसह, कोंबड्यांसह, भांड्याकुंड्यांसह वर्षाचे पाच-सहा महिने खाली काढणारी ही माणसं आहेत. शाळेच्या हजेरीपटावर त्यांच्या मुलांच्या नावापुढे रिकाम्या चौकटी राहतात.

ज्या महिन्यांत ही माणसं खाडीकाठी असतात, नेमक्या त्याच महिन्यांत तिथे पांढरी पाखरं असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती येतात, मार्च-एप्रिलात जातात. मराठी किनाऱ्यावर त्यांना कुरव म्हणतात. दोघांचा हंगाम एक, मुक्कामाची जागाही बऱ्याचदा एक. म्हणून समुद्रपक्ष्यांच्या जुन्या मराठी नावांबद्दल लिहायचं तर ते फक्त बंदरावर उभं राहून लिहू नये असं मला वाटतं. नावं मासेमारीत जन्मली खरी, पण ती ऐकणारे आणि वाहून नेणारे लोक पार पोशेऱ्यापर्यंत पसरलेले आहेत.

आधी पाखराकडे नीट पाहू. हिवाळ्यात वैतरणेच्या किंवा वसईच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथे कुरवांचे थवे बसतात. अंग पांढरं, पाठीवर राखाडी शाल, पाय लाल, चोच लालसर नि टोकाला काळी. डोकंही पांढरंच, फक्त डोळ्यामागे कानाच्या जागी एक काळसर ठिपका. उडाला की पंखाची टोकं काळी दिसतात आणि त्या काळ्यात पांढरे डाग चमकतात. ज्याच्या पंखाच्या काळ्या टोकात असे ठळक पांढरे आरसे आणि ज्याचा डोळा फिकट, तो एक. ज्याच्या पंखाची पुढची कड पांढरी आणि डोळा गडद, तो दुसरा. पहिल्याला पुस्तकात तपकिरी डोक्याचा कुरव म्हणतात, दुसऱ्याला काळ्या डोक्याचा.

आता मौज अशी की आपल्याकडे असताना बहुतेक काळ यातल्या कोणाचंच डोकं तपकिरी नसतं आणि काळंही नसतं. तो टोप विणीच्या हंगामात चढतो. मार्च महिन्यात काही पाखरांच्या डोक्यावर गडद रंग उतरू लागतो आणि तो पुरता भरेपर्यंत बहुतेक निघून गेलेली असतात. तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियातल्या आणि तिबेट-लडाखच्या उंच सरोवरांवर अंडी घालतो. साडेचार हजार मीटरवरच्या त्सो मोरीरीच्या काठी उभं राहून पाहणाऱ्याला हे नाव अगदी बरोबर वाटेल. अर्नाळ्याच्या होडीतून पाहणाऱ्याच्या ते कामाचं नाही. त्याच्या कामाचं नाव नुसतं कुरव.

लोकनावांवर अनेकदा एक आक्षेप घेतला जातो: ती ढोबळ असतात, एकाच नावात चार-पाच जाती कोंबलेल्या असतात. कुरव म्हटलं की त्यात तपकिरी डोक्याचा आला, काळ्या डोक्याचा आला, निमुळत्या चोचीचा आला, रशियाच्या उत्तर टोकाहून येणारा गडद पाठीचा थोराडही आला. आक्षेप खरा आहे, पण तो चुकीच्या माणसावर घेतलेला आहे. जाळं टाकणाऱ्याला पंखाच्या टोकातले आरसे मोजायचे नसतात. पाण्यावर पाखरं कशी वागताहेत हे त्याला बघायचं असतं. जिथे वागणं वेगळं, तिथे त्याने नावही वेगळं ठेवलं आहे, आणि ते फार काटेकोर आहे.

ते दुसरं नाव सुरय.

कुरव आणि सुरय दोघंही पांढरे-राखाडी, दोघंही पाण्यावरचे, लांबून नवख्या माणसाला सारखेच. पण सुरयाचं शरीर सडपातळ, पंख अरुंद आणि टोकदार, शेपटी दुभंगलेली, चोच सरळ आणि अणकुचीदार. उडताना त्याचं डोकं खाली वाकलेलं असतं, नजर पाण्यात. मासा दिसला की तो हवेत जागच्या जागी क्षणभर पंख मारत थांबतो आणि दगड सोडावा तसा पाण्यात पडतो. चोचीत मासा घेऊनच वर येतो, किंवा रिकामा येऊन पुन्हा फिरतो. कुरव असा सूर मारत नाही. तो पृष्ठभागावर बसून टिपतो, लाटेवर तरंगणारं उचलतो, होडीतून फेकलेलं कचरट झेलतो, आणि संधी मिळाली तर सुरयाच्या मागे लागून त्याच्या तोंडचं हिसकावतो.

यातून होडीच्या तांडेलाला काय कळतं? सुरय एकाच जागी पुन्हा पुन्हा सूर मारत असतील तर तिथे लहान मासा वर आला आहे, म्हणजे त्याला खालून कोणीतरी रेटतंय. मोठा मासा मांदेली-तारलीच्या थव्याला खालून वर दाबतो आणि वरून सुरय तुटून पडतात. कुरव नुसते गोल फिरत एखाद्या होडीमागे जात असतील तर तिथे मासा जाळ्यात आलेला आहे, समुद्रात नव्हे. एक पाखरू मासळी कुठे आहे ते सांगतं, दुसरं मासळी कोणाला मिळाली ते सांगतं. या दोघांना एकाच नावाने हाक मारून चाललं नसतं. माशाचा माग दाखवणारं यंत्र आज बऱ्याच होड्यांवर आहे, पण ते होडीच्या पोटाखालचं दाखवतं. दूरवरच्या पाण्यावर काय चाललंय ते अजूनही पाखरंच सांगतात.

हिसकावण्याचा हा खेळ पाहताना मला नेहमी भागवताच्या अकराव्या स्कंधातला अवधूत आठवतो. त्याच्या चोवीस गुरूंमध्ये एक कुरर आहे. चोचीत मांस धरलेल्या कुररावर बाकीची बलवान पाखरं तुटून पडतात, तो ते टाकून देतो आणि सुटतो. एकनाथांनी याच स्कंधावर मराठीत विस्ताराने लिहिलं आणि कीर्तनांतून ही कथा गावोगाव गेली. संस्कृतातला कुरर म्हणजे नेमका कोणता पक्षी यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. के. एन. दवे यांचा संस्कृत साहित्यातल्या पक्ष्यांवरचा ग्रंथ 1985 साली आला, त्यात कुरर मासे मारणाऱ्या शिकारी पक्ष्यांकडे आणि कुररी सुरयाकडे जाते. कालिदासाने रघुवंशाच्या चौदाव्या सर्गात वनात सोडलेल्या सीतेच्या रडण्याला कुररीची उपमा दिली आहे. सुरयाची चिरकी, तुटक हाक उघड्या पाण्यावर ज्याने ऐकली आहे त्याला ती उपमा पुस्तकी वाटणार नाही.

शेजारच्या भाषांत डोकावलं तर प्रत्येक किनाऱ्याने आपापल्या नजरेने ही पाखरं पाहिलेली दिसतात. गुजरातीत कुरवाला धोमडो म्हणतात आणि सुरयाला वाबगली. मल्याळम आणि तमिळमध्ये कुरव हा समुद्रातला कावळा आहे. ज्याने त्याला बंदरावरची घाण साफ करताना पाहिलं त्याने हे नाव ठेवलं असणार. बंगालीत तोच गांगचिल, म्हणजे नदीवरची घार. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर सुरयाला टिरिक म्हणतात, त्याची हाकच नाव झाली आहे. तिथलंच बॉन्क्सी हे एका दांडग्या समुद्रपक्ष्याचं गावठी नाव आज जगभरचे पक्षीनिरीक्षक सर्रास वापरतात, पुस्तकी नाव बाजूला ठेवून. आणि शिडाच्या जहाजांवरचे इंग्रज खलाशी वादळाआधी दिसणाऱ्या इवल्या काळ्या पाखरांना मदर केरीची पिल्लं म्हणत. ही वादळी पाखरं पावसाळ्याच्या सुमारास आपल्या अरबी समुद्रातही असतात, पाण्याला पाय टेकवत लाटांवर चालल्यासारखी उडतात.

मराठीतही नावांची श्रीमंती कुरव-सुरयावर थांबत नाही. खांबावर पंख पसरून वाळवत बसणारा पाणकावळा सर्वांना ठाऊक आहे. कालवफोड्या खडकांवरची शिंपलं फोडून खातो. कोकणात ओहोटीला खडकांवर बसून कालवं काढणाऱ्या बायकांच्या शेजारी त्याचं तेच काम चाललेलं असतं. आणि पाणचिरा! या पाखराच्या चोचीचं खालचं पातं वरच्यापेक्षा लांब असतं. उडता उडता तो ते पातं पाण्यात बुडवून सरळ रेघ ओढत जातो आणि माशाचा स्पर्श झाला की चोच मिटतो. चार अक्षरांत पाखराची सगळी करणी आली. जगात आता थोडंच उरलेलं हे पाखरू मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत अधूनमधून दिसलं की छायाचित्रकारांची रीघ लागते.

ही नावं छापील पुस्तकांत आणण्याचं काम काही मोजक्या माणसांनी जन्मभर केलं. मारुती चितमपल्ली यांनी नवेगाव, नागझिऱ्याच्या रानांत वनाधिकारी म्हणून राहून माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांकडून आणि आदिवासींकडून शब्द गोळा केले. पक्षीकोश सिद्ध केला. काकागार (कावळ्यांची वसाहत), सारंगागार (बगळ्यांची वसाहत) असे शब्द मराठीत रुजवले. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. डॉ. सतीश पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाट, कोकण आणि मलबारच्या पक्ष्यांवर 2003 मध्ये जे मोठं पुस्तक केलं त्यात मराठी नावंही दिली. या कामाचे उपकार मोठे आहेत. पण कोशात जाताना नावाला विशेषणं चिकटतात आणि त्याचा पत्ता पुसला जातो. कुरव हे नाव कोणत्या बंदरावर, कोणाच्या तोंडी, कोणत्या पाखराकडे बोट दाखवून ऐकलं, हे कोशात मावत नाही. ते वेगळं टिपायला हवं होतं आणि अजूनही हवं आहे.

कारण बोलण्यातून नाव झपाट्याने चाललं आहे. मुंबईच्या चौपाटीवर, खाडीतल्या फेरीबोटींवर हिवाळ्यात लोक शेव, गाठिया, वेफर्स हवेत उडवतात आणि मुलांना सांगतात, ते बघ सीगल. मराठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यातही सीगलच. मीठ-मसाल्याचं तळलेलं खाणं या पाखरांना घातक आहे, हे पक्षीमित्र दरवर्षी कानीकपाळी ओरडून सांगतात. हजारो किलोमीटरचा परतीचा प्रवास ज्याला करायचा आहे त्याच्या पोटात मासा जायला हवा. ज्याला आपण कुरव म्हणून ओळखतो त्याचं खाणं काय, ते आपल्याला माहीत असतं. सीगल हा पाहुणा वाटतो आणि पाहुण्याला शेव-गाठिया देण्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

सगळेच समुद्रपक्षी हिवाळी पाहुणे नसतात. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे, वेंगुर्ला रॉक्स. पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूम 1875 मध्ये तिथे गेला होता, पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी तिथल्या सुरयांवर आणि पाकोळ्यांवर 1942 मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. सुरय तिथे ऐन पावसाळ्यात वीण करतात. जून-जुलैत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, होडी बेटाला लागणं कठीण. माणूस येऊ शकत नाही नेमक्या तेव्हाच ते उघड्या खडकावर अंडं घालतात आणि पिल्लू दगडाच्या आडोशाला दडतं. पाकोळ्यांची घरटी मात्र चोरांनी सोडली नाहीत. परदेशात खाण्यासाठी त्यांना मोठी किंमत येते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला ही तस्करी उघडकीला आणली आणि बेटावर पहारा ठेवण्यापर्यंत पाठपुरावा केला.

आता पुन्हा घाट चढून मोखाड्यात येऊ, कारण सुरयाचा एक भाऊबंद इथेच राहतो. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावते, मोखाडा तालुक्याच्या दक्षिण अंगाने वाहते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. तिच्यावर मुंबईच्या पिण्यासाठी धरणांची माळ आहे: वरची वैतरणा, मोडकसागर, आणि मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याचं 102 मीटर उंचीचं मध्य वैतरणा, जे 2014 मध्ये सुरू झालं. या जलाशयांवर नदी सुरय दिसतो. चोच पिवळीधमक, टोपी काळी, शेपटीची दोन टोकं लांब. हा समुद्रावर जात नाही, नद्या-तलाव सोडत नाही. फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत, पाणी उतरून मध्ये बेटं उघडी पडली की वाळूत किंवा खडकाळ जमिनीवर नुसता खळगा करून दोन-तीन अंडी घालतो. भर उन्हात अंड्यांवर बसून त्यांना सावली देतो, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतो.

जगभरच्या नोंदींत नदी सुरय आता संकटग्रस्त गणला जातो. कारणं आपल्या नद्यांना चांगली माहीत आहेत. रेती उपसली की अंडी घालायला जागा उरत नाही. धरणातलं पाणी अचानक वाढलं किंवा सोडलं की खळगे बुडतात. बेट काठाला जोडलं गेलं की कुत्री पोहोचतात. यात एक गोष्ट मला अस्वस्थ करते. खाडीतली आणि नदीतली रेती उपसायला जे हात लागतात त्यांतले कितीतरी हात जव्हार-मोखाड्याचे आहेत. पोटासाठी माणूस ज्या वाळूत उभा असतो तीच वाळू पाखराचं घर असते. यात त्या माणसाला दोष देणं अन्याय होईल. त्याला गावात काम मिळालं असतं तर तो तिथे नसता.

किनाऱ्यावरचं चित्रही बदलतं आहे. डहाणूजवळ वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली, खर्चाचा आकडा सुमारे 76,000 कोटींचा. समुद्रात भराव घालून हे बंदर उभं राहायचं आहे आणि तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं विरोधात उभे आहेत. त्यांचं म्हणणं साधं आहे: जिथे मासा वीण करतो, जिथे आम्ही जाळं टाकतो, तीच ही जागा. त्याच ओहोटीच्या खडकांवर आणि चिखलावर पाखरं चरतात. जागेबरोबर बोलीचाही प्रश्न आहे. भाषातज्ज्ञ गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड 2013 मध्ये अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली निघाला. त्यात वारली, कातकरीसारख्या बोलींची दखल आहे. देवी वारंवार सांगत आले आहेत की किनाऱ्यावरच्या बोली सर्वांत आधी धोक्यात येतात, कारण मासेमारीचा धंदा हातातून गेला की माणूस तिथून उठतो. पाखराचं नाव धंद्याच्या भाषेत असतं. वलांडी गेली, होडी विकली, पोरगा कारखान्यात लागला, की कुरव आणि सुरय यांत फरक करायचं कारणच संपतं.

म्हणून मला वाटतं, काम पोशेऱ्यासारख्या गावातही करायला हवं. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत, आश्रमशाळांत बसलेली मुलं बोलीत पाखरांना काय म्हणतात हे प्रमाण मराठीच्या परीक्षेत विचारलं जात नाही. त्यांच्या आई-बापांनी भट्टीवरून, खाडीवरून काय पाहून आणलं तेही कोणी विचारत नाही. एक वही पुरेल. नाव जसं ऐकलं तसं लिहायचं, सुधारायचं नाही. कोणी सांगितलं, कोणत्या पाड्यावर, ते पाखरू कुठे पाहिलं, कोणत्या महिन्यात, काय करत होतं, हे त्याच ओळीत. एका नावाखाली दोन पाखरं आली तरी दोन्ही ठेवायची. एका पाखराला दोन नावं मिळाली तर आनंदच. मोबाइलवर हाक ऐकवून विचारलं तर चित्र दाखवण्यापेक्षा उत्तर लवकर येतं, कारण रानातला माणूस पाखरू आधी कानाने ओळखतो.

आणि पावसाळ्याच्या तोंडावर एक संधी आपोआप चालून येऊ शकते. तौक्ते वादळ 17 मे 2021 ला मुंबईसमोरून गुजरातकडे गेलं, त्याआधी निसर्ग वादळ 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. अशा वाऱ्यांत खोल समुद्रातली पाखरं, जी एरवी जमीन फक्त विणीपुरती पाहतात, आत फेकली जातात. लांब पंखांची, दमलेली, जमिनीवरून पुन्हा उडता न येणारी. असं पाखरू शेताच्या बांधावर किंवा रस्त्यात सापडलं तर त्याच्यावर पाणी ओतू नये, तोंड उघडून खाऊ घालू नये. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवावं आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. वनरक्षक येईपर्यंत वेळ असतो. तेवढ्यात पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना बोलावून खोक्याचं झाकण जरासं उचलून दाखवावं, आणि ते जे म्हणतील ते वहीत उतरवून घ्यावं.